घास आपला, पचन त्याचे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



आपल्या मराठीत 'पचणे' हा शब्द नुसता पोटापुरता नाही. अपमान पचवावा लागतो. कुणाला यश पचत नाही. नवी गोष्ट लवकर पचनी पडत नाही. आणि कुणी लाच खाल्ली की आपण म्हणतो, "खाऊ दे, पण पचायची नाही त्याला." म्हणजे पोटाला आपण न्यायाधीशच करून टाकलं आहे. चांगलं असेल ते ठेवून घेईल, वाईट असेल ते बाहेर काढील, असा आपला भरवसा.

दुसऱ्या बाजूला आपल्या भक्तमंडळींत एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "प्रसादाने कधी बाधत नाही हो! पचवणारा आत बसलाय ना." या बोलण्याला आधारही मोठा आहे. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की मीच वैश्वानर अग्नी होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि चारी प्रकारचे अन्न पचवतो. जेवायला बसताना आपले आजोबा-पणजोबा ताटाभोवती पाणी फिरवून पंचप्राणांना आहुती देत, ती याच श्रद्धेने. जेवण हा यज्ञ, पोट हे कुंड.

पण मग प्रश्न असा पडतो की पचवणारा जर तो, तर खाणाऱ्याची जबाबदारी किती उरते? लाच खाणाऱ्याला तोच बघून घेईल आणि प्रसाद खाणाऱ्याला तोच सांभाळील, तर मधल्या मध्ये आपण कशाला उरलो? निवृत्तीनंतर हा प्रश्न बरेच दिवस माझ्या मनात घोळत होता. बँकेत जन्म गेल्यामुळे सवय अशी की आधी वही उघडायची, नोंदी बघायच्या आणि मग बोलायचं. म्हणून पोटात नेमकं होतं काय, हे वाचनालयातली पुस्तकं आणून वाचलं आणि घरात भाची डॉक्टर आहे तिच्याकडून समजून घेतलं. तेच आधी सांगतो.

आपण पोळीचा तुकडा मोडला, घेवड्याच्या भाजीबरोबर तोंडात घातला. इथपर्यंत सगळं आपल्या हातात आहे. चावणंही आपल्या हातात. तोंडात दिवसाकाठी लिटर-दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यातला एक रस पोळीतल्या पिठूळ पदार्थाची साखर करू लागतो. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तो यामुळेच. पण एकदा का घास घशाच्या मागच्या बाजूला गेला, की कारभार आपल्या हातून सुटतो. श्वासाच्या नळीवर झाकण पडतं आणि घास साधारण वीतभर लांबीच्या अन्ननलिकेतून खाली ढकलला जातो. तो नुसता वजनाने खाली पडत नाही. नलिकेचे स्नायू त्याला लाटेसारखे पुढे सारतात. माणूस डोकं खाली पाय वर करून असला, तरी घास पोटातच जाईल.

पुढे जठर. तिथे जे आम्ल असतं ते एरवी कातडीला पोळवील इतकं तीव्र. जठर स्वतः जळत नाही, कारण आतून चिकट द्रवाचा लेप असतो आणि आतल्या अस्तराच्या पेशी थोड्या थोड्या दिवसांनी नव्या होत राहतात. अग्नी पेटता ठेवायचा आणि कुंडही जळू द्यायचं नाही, अशी ही योजना. आणखी एक गंमत बघा. प्रथिने फोडणारे जे जहाल रस आहेत, ते जिथे तयार होतात तिथे निष्क्रिय असतात. जठरातला रस आम्लात आल्यावर जागा होतो, स्वादुपिंडातला रस आतड्यात पोहोचल्यावर. स्वादुपिंडातला हा रस आतच जागा झाला, तर तो त्या अवयवालाच खाऊ लागतो आणि जिवावर बेतणारं दुखणं होतं. आगपेटीतल्या काड्या जशा कोरड्या पण विझलेल्या ठेवाव्यात, तशी ही सोय आहे.

हे सगळं माणसाच्या इच्छेवाचून चालतं, हे जगाला कसं कळलं त्याची हकीकत मोठी विलक्षण आहे. 1822 साली अमेरिकेतल्या ह्युरॉन सरोवरातल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुण कामगाराला अगदी जवळून चुकून बंदुकीचा बार लागला. विल्यम बोमाँट नावाच्या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं. पण जखम भरताना एक भोक तसंच राहिलं, ज्यातून थेट जठरात बघता येई. डॉक्टरने रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधून आत सोडले आणि ठराविक वेळाने बाहेर काढून किती विरघळले ते लिहून ठेवलं. जठरातला रस त्याने बाटलीत काढला, अंगाइतक्या उबेत ठेवला, त्यात मांसाचा तुकडा टाकला. तो तुकडा बाटलीतही पचला! 1833 साली त्याने हे सारं पुस्तकरूपाने छापलं. त्यात आणखी एक नोंद आहे. मार्टिन रागावला, घाबरला की त्याच्या जठराच्या अस्तराचं रूप बदले आणि पचनात बिघाड होई. जेवताना भांडू नये, असं आपली आई-आजी सांगत असे. त्यांनी भोकातून बघितलं नव्हतं, पण त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं.

जठरातून लापशीसारखं झालेलं अन्न लहान आतड्यात येतं. हे आतडं सुमारे 6 मीटर, म्हणजे वीस फूट लांब. सुरुवातीलाच यकृताचं पित्त येऊन तेल-तुपाचे बारीक बारीक थेंब करतं, आणि स्वादुपिंडाचा रस येऊन आम्ल शांत करतो व उरलेलं फोडायचं काम करतो. आता बँकेच्या माणसाला आवडेल असा एक हिशोब सांगतो. आपण खाण्यापिण्यातून दिवसाला साधारण 2 लिटर पाणी आत घेतो. पण लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून शरीर स्वतःचे सुमारे 7 लिटर त्यात ओततं. म्हणजे दोन जमा व्हायच्या आधी सात खर्ची टाकतं. आणि या नऊ लिटरपैकी बाहेर जातं ते जेमतेम 100 ते 200 मिलिलिटर, बाकी सगळं परत वसूल. इतकी चोख वसुली मी कुठल्याच शाखेत पाहिली नाही.

पण मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. तोंडापासून खालपर्यंत ही एक लांब पोकळ नळी आहे, दोन्ही बाजूंनी बाहेर उघडणारी. त्या नळीत असलेलं अन्न अजून खऱ्या अर्थाने शरीराच्या आत आलेलंच नसतं. खाल्लं, गिळलं, ढेकर दिला, तरी ते अजून बाहेरच! बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. रक्कम आली आहे, पण ती कोणाच्या खात्यात टाकायची हे ठरलेलं नाही, तोवर ती तिथे ठेवायची. आतड्यातलं अन्न असंच सस्पेन्समध्ये असतं. आतड्याच्या आतल्या बाजूला लोकरीच्या केसांसारखे असंख्य उंचवटे आहेत. पसरलं तर आतला पृष्ठभाग 30 चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांची खोलीच. हा सगळा काउंटर. आणि या काउंटरवर मोठी नोट चालत नाही, फक्त सुट्टे. पोळीचं पीठ मोडून ग्लुकोजसारखी साधी साखर व्हावी लागते, डाळीतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं, तुपाची स्निग्धाम्लं. तेव्हा कुठे भिंतीतून आत प्रवेश मिळतो. साखर आणि अमिनो आम्लं तिथून थेट यकृतात जातात, तेल-तूप रसवाहिन्यांच्या दुसऱ्या वाटेने. मग ते शरीराचं होतं.

आणि सुट्टं झाल्यावर त्यावर कोणाचंही नाव राहत नाही. हे ग्लुकोज श्रीमंताच्या बासुंदीतलं की शेतमजुराच्या भाकरीतलं, हे कोणी सांगू शकणार नाही. सोवळ्यातलं की ओवळ्यातलं, पहिल्या पंगतीचं की शेवटच्या, आतड्याला ठाऊक नाही. आपण पंक्तिभेद करतो, वैश्वानर करत नाही.

इथपर्यंत ऐकायला फार छान वाटतं. पण मंडळी, याची दुसरी बाजू कडू आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. वैश्वानर भेद करत नाही, म्हणजे कोणताच भेद करत नाही. लाचेच्या पैशाचं तूपही त्याच मुकाट्याने पचतं. माझ्या नोकरीच्या काळात कर्जप्रकरणात टक्केवारी घेणारा एक अधिकारी आम्हा सगळ्यांना माहीत होता. त्याचं आज वय पंचाहत्तरच्या पुढे आहे. सकाळी फिरायला जातो, दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतो, साधं पित्तसुद्धा नाही. आणि ज्याने आयुष्यात कोणाचा चहा फुकट घेतला नाही, असा आमचा एक शिपाई जठराच्या अल्सरने वर्षानुवर्षं तळमळला. त्याला लोक काय म्हणत? "काहीतरी मागचं असेल." हे ऐकून जीव तुटत असे. अल्सर हा बहुतेक वेळा एका जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या जास्त वापरामुळे होतो. तो जंतू शोधणाऱ्या दोघा ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना 2005 साली नोबेल पारितोषिकही मिळालं. दुखण्याला पापाची पावती समजणं म्हणजे आजारी माणसाला दोनदा मारणं. पोट हे न्यायालय नाही. तिथे निकाल लागेल म्हणून वाट बघत बसू नये.

आता प्रसादाचं बघू. आमच्या पारायण मंडळात एक ज्येष्ठ सभासद होते. श्रद्धा अशी की पाहत राहावं. त्यांना वीस वर्षांचा मधुमेह. पण सप्ताहात आणि दत्तजयंतीला शिरा, पेढे, सुंठवडा जे येईल ते ओंजळभर घेत. कोणी हटकलं की म्हणत, "महाराजांच्या प्रसादाने साखर वाढत नसते." आग्रह करणारे हातही कमी नव्हते. पुढे पायाची एक जखम भरेना, बोटं काढावी लागली, आणि दोन वर्षांत ते गेले. मागे बोलताना त्यांची पत्नी एवढंच म्हणाली, "महाराजांनी त्यांना खाऊ नका असं कधी सांगितलं नाही, पण खा असं तरी कुठे सांगितलं होतं?" या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हतं.

प्रसादाची साखरही आतड्याच्या भिंतीपाशी साखरच असते. यात महाराजांच्या कृपेला उणेपणा येत नाही. ज्याने हा एवढा नेमाचा कारभार उभा केला, त्याने स्वतःचेच नियम माझ्या जिभेसाठी मोडावेत, अशी अपेक्षा करणं ही भक्ती म्हणायची की लाड?

इथे कोणी गुरुचरित्राचा तेरावा अध्याय पुढे करील. बरोबर आहे, तो आठवलाच पाहिजे. गोदातीरी पोटशुळाने गांजलेला एक ब्राह्मण जीव द्यायला निघाला होता. अन्न हेच त्याचं वैरी, म्हणून तो महिना-पंधरवड्याने एकदा जेवे. श्रीनृसिंहसरस्वतींनी त्याला पाण्यातून बाहेर काढवलं आणि त्याच्या व्याधीवर औषध सांगितलं ते पोटभर जेवणाचं. तेही उडदाचं, दुधातलं, असं जड अन्न. तो जेवला आणि व्याधी गेली. पारायणात हा भाग आला की आपण हात जोडतो.

पण त्या प्रसंगात आणखी एकजण आहेत, त्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही. ते म्हणजे सायंदेव. श्रीगुरूंनी त्यांना सांगितलं, याला घरी नेऊन जेवू घाल. प्रत्यक्ष गुरुमूर्ती समोर उभी, तरी सायंदेवांनी भीती बोलून दाखवली की याला अन्न सोसत नाही, जेवून हा मेला तर ब्रह्महत्या माझ्या माथी येईल. श्रीगुरू त्यावर रागावले नाहीत. त्यांनी समजावलं, अभय दिलं, मग सायंदेव निघाले. वाचकहो, त्या कथेत आपण कोण? श्रीगुरू तर नव्हेच. आपण सायंदेव आहोत. वाढणारा गृहस्थ. समोरच्याच्या पोटात काय जाणार याची धास्ती बाळगणं हे सायंदेवांच्या श्रद्धेच्या आड आलं नाही, मग आपल्या श्रद्धेच्या आड का यावं? चमत्कार करणं श्रीगुरूंचा अधिकार. विचारून वाढणं हा आपला धर्म.

म्हणून माझ्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. घशाच्या खाली सगळा कारभार त्याचा आहे आणि तो चोख आहे. तो निवड करत नाही, निकाल देत नाही, दिलेलं मुकाट्याने पचवतो. मग निवड करायची कोणी? ती फक्त हात, जीभ आणि दात एवढ्याच जागेत आहे. नऊ मीटरच्या वाटेत आपल्या मालकीची जागा चार बोटांची. पण सगळी नीती त्या चार बोटांत आहे. घास कुठून आला, किती घ्यायचा, कोणाच्या तोंडचा काढून घेतला, हे जे काही विचारायचं ते तिथेच. पुढे विचारणारं कोणी बसलेलं नाही.

अवधूतांनी हे फार पूर्वी सांगून ठेवलं आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला ते आपले चोवीस गुरू सांगतात. त्यात किती गुरू जेवणाशी संबंधित आहेत ते मोजा. अजगर मिळेल तेवढ्यावर राहतो. मधमाशी फुलाफुलातून थोडं थोडं घेते, फुलाला दुखवत नाही. साठवलेला मध मात्र दुसराच काढून नेतो. आणि मासा जिभेपायी गळाला लागतो. पोटाला गुरू केलेलं नाही, हे ध्यानात घ्या. शिकायचं आहे ते जिभेने. पोट भरल्याचा निरोप वर पोहोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि जिभेला एक क्षणही पुरत नाही. तेवढ्या वेळात सगळा घोटाळा होतो.

आता शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत मोठी वाटते. भगवंतांनी सांगितलं की मी प्राण्यांच्या देहात अग्नी होऊन राहतो. सगळ्या प्राण्यांच्या. म्हणजे माझ्या पोटात जो बसला आहे, तोच मंदिराच्या पायरीवर बसलेल्याच्याही पोटात आहे. माझ्या पोटात त्याला वेळेवर आहुती मिळते, तिथे तो नुसता जळत असतो. मग भुकेल्याला दिलेला घास हा उपकार कसा? एकाच देवाच्या दोन कुंडांपैकी एकात तूप ओसंडतं आहे आणि दुसरं कोरडं पडलं आहे, तर यजमानाने काय करावं? गाणगापुरी दुपारी मधुकरी मागायची आणि वाढायचीही प्रथा आहे. महाराज कोणत्या रूपाने झोळी पुढे करतील सांगता येत नाही, म्हणून तिथे कोणाला नाही म्हणत नाहीत. घरी आल्यावर मात्र आपण माणूस बघून दार उघडतो.

अडतिसाव्या अध्यायातल्या भास्कराचा तिघांपुरता शिधा हजारोंना पुरला, हे आपण कौतुकाने वाचतो. पण त्या गरिबाने तो शिधा तीन महिने उशाशी घेऊन जपला होता, स्वतः शिजवून खाल्ला नाही. चमत्कार पुढे झाला, ही निवड आधीची. आणि ती त्याच्या हातातली होती.

यंदा दत्तजयंतीला आपापल्या मंदिरात महाप्रसाद होईल. वाढणाऱ्यांनी आग्रह जरूर करावा, पण एकदाच, आणि ज्येष्ठांना आधी विचारून. ज्यांना पथ्य आहे त्यांनी गोडाचा एक कण कपाळाला लावून जिभेवर ठेवावा. प्रसादाला वजन नसतं, त्यामुळे कणानेही तो पुरा होतो. उरलेला शेजारच्या पोराच्या हातावर द्यावा. पानात टाकून उठू नये. आणि पंगत बसण्याआधी बाहेर कोण उभं आहे ते एकदा बघून यावं. एवढं आपण करावं. पुढचं तो बघतो, आणि दिवसरात्र न चुकता बघतोच आहे.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥